दौऱ्याचा नकाशा आणि रसिकाची तक्रार : ‘क्वीन’ या बँडच्या संदर्भात

प्रास्ताविक

लोकप्रिय संगीताची समीक्षा सामान्यतः गाण्यातील शब्द, स्वररचना आणि सादरीकरण यांभोवती फिरते. बँडने कोणत्या शहरी कार्यक्रम करावयाचे ठरविले आणि कोणते शहर वगळले, हा व्यवस्थापकांचा विषय मानला जातो. चाहत्यांच्या बोलण्यात मात्र तोच विषय सर्वांत आधी येतो. आवडता बँड शेजारच्या देशात दोनदा जातो आणि आपल्याकडे एकदाही फिरकत नाही, किंवा जेथे जाऊ नये अशी विनंती केलेली असते नेमका तेथे जाऊन गातो, याबद्दलचा त्यांचा राग वर्षानुवर्षे टिकून राहतो. अभ्यासक या रागाची फारशी दखल घेत नाहीत. तो बालिश समजला जातो, नाहीतर गिऱ्हाइकाने दुकानदाराशी घातलेली हुज्जत समजली जाते.

प्रस्तुत लेखात या रागाकडे समीक्षेचा एक प्रकार म्हणून पाहिले आहे. दौऱ्याचा मार्ग ठरविणे ही सर्वस्वी कलाबाह्य कृती नसते. तिचे पडसाद गाण्यांत उमटतात आणि बँड स्वतःविषयी जे सांगतो त्याची पारखही या मार्गावरून करता येते. या दृष्टीने ब्रिटनमधील ‘क्वीन’ या बँडचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९७० मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या या बँडने १९७१ पासून फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन या चौघांच्या संचात कार्यक्रम केले आणि या संचाचा अखेरचा दौरा १९८६ मध्ये झाला. या काळात अमेरिकन चाहते, ब्रिटिश चाहते आणि भारतीय चाहते अशा तिघांनाही या दौऱ्यांबद्दल तक्रार करावी असे वाटले. तिघांची कारणे निराळी होती.

‘दौरा’ आणि ‘मुक्काम’ हे शब्द मराठी वाचकाला नाटकामुळे परिचित आहेत. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये निवर्तले, विष्णुदास भावे यांच्या मंडळीचा राजाश्रय सुटला आणि मंडळीला बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये तिचे खेळ मुंबईत झाले. आपल्याकडे दौऱ्याचा जन्म असा आश्रय तुटल्यामुळे झाला. पुढे मात्र दौरा हाच आश्रय झाला, आणि मुंबई-पुण्याची नाटके आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत ही विदर्भ-मराठवाड्यातील नाट्यरसिकांची तक्रार आजही ऐकू येते. तेव्हा ही तक्रार परदेशी संगीताच्या वेडापायी उद्भवलेली आहे असे समजण्याचे कारण नाही.

ध्वनिमुद्रिकेची पोच आणि मैफलीचे ठिकाण

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयी जो निबंध लिहिला, त्यात कलाकृतीचे तेजोवलय तिच्या ‘येथे आणि आता’ असण्यात असते आणि प्रती निघू लागल्या की ते ओसरते, असे प्रतिपादन आहे. रॉक संगीताच्या बाबतीत हे विधान जसेच्या तसे लागू पडत नाही. तबकडी जसजशी दूरवर गेली तसतशी प्रत्यक्ष मैफलीची ओढ वाढली. ज्या श्रोत्याने गाणे शेकडो वेळा ऐकून पाठ केले आहे, त्यालाच ते समोर होताना पाहण्याची आस लागते. तबकडीने ही आस जगभर पोहोचविली. ती पुरविण्याची सोय मात्र थोड्याच शहरांत होती.

याची कारणे व्यावहारिक आहेत. ख्यालगायक तानपुरा, तबलजी आणि पेटीवाला यांच्यासह रेल्वेच्या एका डब्यातून येऊ शकतो. १९७० च्या दशकातील रॉक बँडबरोबर दिव्यांची अवाढव्य चौकट, ध्वनिक्षेपकांच्या भिंती, तंत्रज्ञांचा ताफा आणि मालमोटारींची रांग असे. हा सारा सरंजाम एका शहरातून दुसऱ्या शहरात एका रात्रीत हलविता आला तरच गणित जमे. त्यामुळे उत्तर अमेरिका, ब्रिटनसह पश्चिम युरोप आणि जपान हा त्रिकोण दौऱ्यांचा नेहमीचा प्रदेश बनला. भारतात १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यामुळे मानधन परदेशी चलनात देणे जिकिरीचे होते आणि सामग्री देशात आणण्यासाठी परवानग्यांचे दिव्य पार करावे लागे. तरीही ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड २६ मार्च १९८० रोजी मुंबईत वाजवून गेला. भारतात येणे दुरापास्त होते, अशक्य नव्हते. येणाऱ्याने आपला व्याप आणि नफा दोन्ही कमी करण्याची तयारी ठेवली पाहिजे, एवढीच अट होती. क्वीनने ती तयारी कधी दाखविली नाही. त्या काळातील त्यांच्या एकाही दौऱ्यात भारत नव्हता.

येथे एक तपशील भारतीय, आणि त्यातही महाराष्ट्रातील, चाहत्यांच्या जिव्हारी लागतो. मर्क्युरी यांचे मूळ नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तेथे पियानो शिकला आणि शाळेतील मित्रांसह ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून त्यात वाजवू लागला. ज्याने जाहीर वादनाचा श्रीगणेशा सह्याद्रीच्या कुशीत केला, त्याने जगभर फिरून येथेच का येऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि नात्याच्या हक्काने केलेली ही मागणी तपासून पाहिली तर दुबळी ठरते. त्या हक्काने पहिला कार्यक्रम झांझिबारला द्यावा लागेल. बलसारा कुटुंबाला तेथील क्रांतीमुळे १९६४ मध्ये इंग्लंड गाठावे लागले, आणि मर्क्युरी यांनी आपल्या जाहीर आयुष्यात या दोन्ही भूमींचा उल्लेख क्वचितच केला. कलावंताने आपले बालपण वगळले म्हणून त्याला बोल लावता येत नाही. भारतीय चाहत्याच्या तक्रारीचा खरा आधार निराळा आहे, आणि तो क्वीनच्याच एका दाव्यात सापडतो. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

जपान आणि दक्षिण अमेरिका

एप्रिल १९७५ मध्ये क्वीन प्रथमच जपानला गेला तेव्हा टोकियोच्या विमानतळावर चाहत्यांची अशी झुंबड उडाली की बँड चकित झाला. निप्पॉन बुडोकान या सभागृहातील कार्यक्रमांनी या प्रेमावर शिक्कामोर्तब केले. मायदेशातील समीक्षक या काळात क्वीनला भपकेबाज म्हणून हिणवीत असत, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे जपानचे महत्त्व कळते. त्याचा परिणाम पुढच्याच वर्षी दिसला. १९७६ च्या ‘अ डे अ‍ॅट द रेसेस’ या तबकडीतील शेवटचे गाणे ब्रायन मे यांनी जपानी चाहत्यांसाठी रचले आणि त्याच्या ध्रुपदात जपानी ओळी गुंफल्या. दौऱ्याच्या मार्गातून गाणे निपजल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही. ज्या देशात बँड गेला नाही त्या देशाच्या भाषेतले गाणेही झाले नाही, हे त्याच्याच ओघाने येते.

फेब्रुवारी-मार्च १९८१ चा दक्षिण अमेरिकेचा दौरा हे क्वीनचे सर्वांत धाडसी पाऊल होय. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तेथील फुटबॉल मैदाने भरविण्याचा प्रयोग तोवर क्वचितच झाला होता. ब्युनॉस आयर्सच्या व्हेलेझ सार्सफिल्ड मैदानावर तीन कार्यक्रम झाले, मार देल प्लाता आणि रोसारियो येथेही बँड गेला. साओ पाउलोच्या मोरुम्बी मैदानावर २० आणि २१ मार्च या दोन रात्रींत मिळून अडीच लाखांच्या घरात श्रोते आले. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे १९७५ चे संथ गाणे या प्रेक्षकांनी अक्षरशः आपल्या ताब्यात घेतले. इंग्रजी न बोलणारा समुदाय संपूर्ण गाणे एका सुरात म्हणतो आहे आणि गायक मध्येच थांबून ऐकतो आहे, असे दृश्य तेथे दिसले. भरताने नाट्यसिद्धीचा विचार करताना प्रेक्षकालाही स्थान दिले आहे. मोरुम्बीच्या प्रेक्षकाने त्या गाण्याची सिद्धी बदलून टाकली.

या दौऱ्याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. अर्जेंटिनात १९७६ पासून लष्करी राजवट होती. हजारो माणसे नाहीशी केली जात होती. लवकरच राष्ट्राध्यक्षपदी येणाऱ्या जनरल व्हिओला यांच्या निमंत्रणावरून बँडमधील सदस्य त्यांना भेटले. रॉजर टेलर यांनी जाण्याचे नाकारले. चौघांच्या बँडमध्ये एकाने घरी बसणे ही फार मोठी निषेधाची कृती नव्हे. परंतु दौऱ्याला राजकीय अर्थ असतो हे बँडमधील निदान एका सदस्याला १९८१ मध्येच उमगले होते, एवढे त्यावरून म्हणता येते. पुढील वर्षी फॉकलंड बेटांवरून ब्रिटनशी युद्ध पेटले आणि अर्जेंटिनाच्या नभोवाणीवरून इंग्रजी गाणी मागे सारली गेली. ज्या तरुणांनी वर्षापूर्वी मर्क्युरी यांच्याबरोबर गाणे म्हटले होते, त्यांतले काही तेव्हा सैन्यभरतीच्या वयाचे असणार.

अमेरिकेची अनुपस्थिती

क्वीनच्या नकाशातील सर्वांत चमत्कारिक जागा अमेरिकेची आहे. १९८० मध्ये ‘द गेम’ ही तबकडी आणि तिच्यातील दोन गाणी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. १९८२ ची ‘हॉट स्पेस’ बाविसाव्या आणि १९८४ ची ‘द वर्क्स’ तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ या गाण्याच्या चित्रफितीत चौघेही बायकी वेशात घरकाम करताना दिसतात. ब्रिटिश प्रेक्षकाला त्यातील दूरदर्शन-मालिकेचे विडंबन कळून हसू आले. अमेरिकेत तो वेश अनेकांना रुचला नाही. सप्टेंबर १९८२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या फोरम सभागृहात झालेला कार्यक्रम हा मर्क्युरी यांचा क्वीनसह अमेरिकेतील अखेरचा ठरला. ‘द वर्क्स’च्या दौऱ्यात अमेरिका नव्हती, १९८६ च्या दौऱ्यातही नव्हती.

अमेरिकन चाहत्यांची कुरकूर भारतीय चाहत्यांपेक्षा वेगळी आहे. त्यांच्याकडे सभागृहे, रस्ते, चलन, संयोजक सारे होते. कमी पडला तो श्रोत्यांचा आकडा. ज्या शहरांत पूर्वी मोठी सभागृहे भरत होती तेथे लहान सभागृहात वाजविणे बँडला कमीपणाचे वाटले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९९२ मध्ये एका विनोदी चित्रपटामुळे अमेरिकेत पुन्हा गाजले आणि यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निवर्तले होते.

सन सिटी

ऑक्टोबर १९८४ मध्ये मात्र हाच बँड सहा-सात हजार आसनांच्या एका सभागृहात मुक्काम ठोकून राहिला. ते सभागृह होते सन सिटी येथील ‘सुपर बोल’.

सन सिटी बोफुथात्स्वानामध्ये होते, आणि बोफुथात्स्वाना म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने डिसेंबर १९७७ मध्ये ‘स्वतंत्र’ घोषित केलेला प्रदेश. जगातील अन्य कोणत्याही सार्वभौम राष्ट्राने या स्वातंत्र्यास मान्यता दिली नाही. कृष्णवर्णीयांना अशा तुटक प्रदेशांचे नागरिक ठरवावयाचे आणि त्यांच्याच देशात परके करावयाचे, अशी ती योजना होती. या प्रदेशात १९७९ च्या अखेरीस सन सिटी हे चैनीचे केंद्र उघडले. दक्षिण आफ्रिकेत निषिद्ध असलेला जुगार येथे चाले आणि जोहान्सबर्गहून मोटारीने दोन-अडीच तासांत येता येई. कागदोपत्री येथे वर्णभेद नव्हता. प्रत्यक्षात तिकीट परवडणारा आणि मोटारीने येऊ शकणारा श्रोता बहुतांशी गौरवर्णीयच होता. फ्रँक सिनात्रा १९८१ मध्ये येथे गाऊन गेले. त्यांच्यामागून अनेक नामवंतांनी हजेरी लावली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक देवाणघेवाण थांबविण्याचे आवाहन केले होते आणि डिसेंबर १९८० मध्ये ते कलावंतांना उद्देशून पुन्हा केले. १९८३ पासून तेथे जाणाऱ्या कलावंतांची यादीच प्रसिद्ध होऊ लागली. ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेचाही तेथे वाजविण्यास मज्जाव होता. क्वीनला यांपैकी काहीही ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. मर्क्युरी यांच्या घशाच्या दुखण्यामुळे तेथील काही खेळ रद्द झाले, बाकीचे पार पडले. बँड मायदेशी परतला तो संघटनेचा दंड, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील नाव आणि नियतकालिकांची झोड यांना सामोरा जाण्यासाठी. १९८५ मध्ये स्टीव्हन व्हॅन झँट यांनी अनेक कलावंतांना एकत्र आणून सन सिटीत न वाजविण्याचा निर्धार सांगणारे गाणे काढले, तेव्हा क्वीनने नेमके काय केले होते हे सामान्य श्रोत्यालाही कळले.

क्वीनने दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा होता : आम्ही वर्णद्वेषाच्या विरोधात आहोत, आम्ही राजकारणी नाही, ज्यांना आमचे संगीत ऐकावयाचे आहे त्या सर्वांसाठी आम्ही वाजवितो. याशिवाय त्या प्रदेशातील कर्णबधिर व अंध मुलांच्या शाळेला त्यांनी आर्थिक साहाय्य केले. हे साहाय्य खरे होते आणि त्याची टवाळी करणे अनुचित आहे. परंतु स्पष्टीकरणातील शेवटचे विधान तपासले पाहिजे, कारण त्याच विधानाने अमेरिकन आणि भारतीय चाहत्यांचाही न्याय करता येतो.

ऐकू इच्छिणाऱ्या सर्वांसाठी वाजविणे हे जर क्वीनचे तत्त्व असेल, तर त्यांचा नकाशा त्या तत्त्वाला दुजोरा देत नाही. ऐकू इच्छिणारे श्रोते शिकागोत होते, मुंबईत होते, सोवेटोतही होते. शिकागोचे श्रोते कमी झाल्याचे कारण होऊन वगळले गेले, मुंबईचे तोट्याच्या हिशेबामुळे वगळले गेले आणि सोवेटोच्या श्रोत्याला सन सिटीची वाट मोकळी असूनही परवडणारी नव्हती. उरलेल्या जगातून बँडने सहा-सात हजारांचे एक सभागृह निवडले आणि निवड केलीच नाही असे सांगितले. तत्त्व सांगताना ‘सर्व’ हा शब्द वापरावयाचा आणि मार्ग आखताना प्रत्येक शहराचा हिशेब मांडावयाचा, ही यातील मूळ विसंगती आहे. पाचगणीच्या नात्यापेक्षा या विसंगतीवर बोट ठेवले असते तर भारतीय चाहत्याची तक्रार अधिक भक्कम झाली असती.

मग अर्जेंटिनात जाणे क्षम्य आणि दक्षिण आफ्रिकेत जाणे अक्षम्य कसे, असा आक्षेप येथे घेता येईल. बँडच्या समर्थकांनी तो वेळोवेळी घेतलाही आहे. राजवटींच्या क्रौर्याची तुलना करून याचे उत्तर मिळत नाही. उत्तर श्रोत्यांकडे आहे. ब्युनॉस आयर्सच्या तरुणांनी बँडला न येण्याची विनंती केली नव्हती. त्यांच्यासाठी ती गर्दी ही त्या वर्षांतील एकत्र जमण्याची आणि मोठ्याने ओरडण्याची दुर्मीळ संधी होती. दक्षिण आफ्रिकेत मात्र ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्या प्रातिनिधिक संघटनेने, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने, कलावंतांनी येऊ नये अशी भूमिका घेतली होती. बहिष्काराने तेथील सामान्य श्रोत्याचेही नुकसान झाले, हे मान्य करावे लागते. पॉल सायमन यांच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’वरून उठलेल्या वादात हीच अडचण पुढे आली. पण हे नुकसान सोसावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या श्रोत्याचा होता, लंडनहून येणाऱ्या पाहुण्याचा नव्हता.

नुकसान सोसण्याचा असा एक दाखला भारताच्या क्रीडा-इतिहासात आहे आणि त्याचा पुण्याशी संबंध आहे. १९७४ मध्ये पुण्यात सोव्हिएत संघाला नमवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. विजय आणि आनंद अमृतराज तेव्हा ऐन उमेदीत होते. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका असल्यामुळे भारताने सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारताने तो चषक अद्याप जिंकलेला नाही. त्या काळच्या भारतीय पारपत्रावर दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शेराही असे. ज्या देशातील टेनिसप्रेमींनी हाताशी आलेला चषक जाऊ दिला, त्या देशातील श्रोत्याला सन सिटीबद्दल बोलण्याचा अधिकार कोणी शिकवावा लागत नाही.

चित्रपटातील नकाशा

२०१८ मध्ये प्रदर्शित झालेला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट आज क्वीनविषयीच्या लोकज्ञानाचे मुख्य साधन बनला आहे, म्हणून त्याने हा नकाशा कसा रेखाटला ते पाहणे आवश्यक ठरते. रामी मालेक यांचा अभिनय आणि शेवटच्या वेम्बली मैदानावरील प्रसंगाची हुबेहूब मांडणी वाखाणली गेली. ती वाखाणणी योग्यच आहे. परंतु चित्रपटाच्या कथेत बँड फुटलेला आहे, चौघांनी बराच काळ एकत्र वाजविलेले नाही आणि १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’साठी ते पुन्हा जवळ येतात. वस्तुस्थिती अशी की क्वीन जानेवारी १९८५ मध्ये रिओ येथील महोत्सवात गायला, एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता आणि मेच्या मध्यास जपानमध्ये त्याचा दौरा संपला. ‘लाइव्ह एड’पूर्वीचे विश्रांतीचे दिवस जेमतेम दोन महिन्यांचे होते.

पटकथेला असे स्वातंत्र्य घेता येते. येथे आक्षेप आहे तो त्यामुळे काय झाकले गेले याला. दौरेच गाळल्यामुळे सन सिटीही आपोआप गळाले. आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी झालेला ‘लाइव्ह एड’ हा कथेचा कळस आहे, आणि त्याच्या नऊ महिने आधी आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला हाच बँड कोणासाठी गात होता याचा चित्रपटात मागमूस नाही. वेम्बलीवरील ती वीस मिनिटे यामुळे सोपी होतात. ज्या प्रेक्षकाला दोन्ही प्रसंग माहीत आहेत त्याला मर्क्युरी यांच्या त्या दिवशीच्या गाण्यात केवळ पुनर्मीलनाचा आनंद ऐकू येणार नाही. डागाळलेले नाव घेऊन मंचावर चढलेल्या माणसांची ईर्ष्याही ऐकू येईल. रिओतील गर्दीने ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ गायिल्याचे दृश्य तर चित्रपटाने कैक वर्षे अलीकडे ओढून घेतले आहे. त्या महोत्सवाच्या दिवसांतच, १५ जानेवारी १९८५ रोजी, ब्राझीलमध्ये तांक्रेदो नेव्हेस यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड होऊन लष्करी राजवटीचा शेवट जाहीर झाला. त्या गर्दीला कालक्रमातून उपटले की तिच्या गाण्यातील अर्धा अर्थ निघून जातो.

अखेरचे दौरे आणि नंतर

१९८६ चा दौरा संपूर्णपणे युरोपात झाला : २६ कार्यक्रम, ७ जूनला स्टॉकहोमपासून ९ ऑगस्टला नेबवर्थपर्यंत. त्यातील २७ जुलैचा बुडापेस्टचा कार्यक्रम सर्वाधिक उल्लेखिला जातो. पोलादी पडद्यापलीकडे एवढ्या मोठ्या मैदानावर पाश्चात्त्य रॉक बँडचा कार्यक्रम होणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. मर्क्युरी यांनी एक हंगेरियन लोकगीत गायिले. त्याचे शब्द त्यांनी तळहातावर लिहून घेतले होते आणि ते मधूनमधून हाताकडे पाहत होते, हे चित्रणात स्पष्ट दिसते. श्रोत्यांच्या भाषेसाठी घेतलेली एवढीशी तसदी आणि त्यावर नेपश्टाडिओनमधून उठलेला कल्लोळ पाहिला, म्हणजे न गेलेल्या शहरांतील चाहत्याला नेमके कशाचे वैषम्य वाटते ते समजते. नेबवर्थनंतर मर्क्युरी यांनी बँडसह पुन्हा दौरा केला नाही.

२९ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रायन मे आणि रॉजर टेलर केपटाऊनच्या ग्रीन पॉइंट मैदानावर उभे राहिले. नेल्सन मंडेला यांच्या तुरुंगातील क्रमांकावरून ‘४६६६४’ असे नाव दिलेला तो एड्सविरोधी कार्यक्रम होता, यजमान स्वतः मंडेला होते आणि आयोजनात या दोघांचा पुढाकार होता. जून २००८ मध्ये मंडेला यांच्या नव्वदीनिमित्त लंडनच्या हाइड पार्कमध्येही दोघे सहभागी झाले. मंडेला यांनी त्यांना जवळ केले ही गोष्ट मंडेला यांच्या स्वभावाला धरून होती. तिच्यावरून १९८४ चा निर्णय योग्य ठरत नाही, आणि चाहत्यांत याविषयी अद्याप एकमत नाही. बँडने स्वतःही या बाबतीत एक निवड केलेली दिसते. क्वीनच्या अधिकृत ध्वनिचित्रफितींत माँट्रियल १९८१, मिल्टन कीन्स १९८२, रिओ आणि टोकियो १९८५, वेम्बली आणि बुडापेस्ट १९८६ असे कार्यक्रम आहेत. सन सिटीचा त्यांत नाही.